बोडणाचे पाच हात

त्या दीड वर्षात मी दोन वाक्यं सगळ्यात जास्त ऐकली. एक, 'यू आर ऑन म्यूट', आणि दुसरं, 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.' पहिलं ऑफिसातले लोक म्हणायचे, दुसरं माझ्या सासूबाई. पहिल्यावर निदान एक बटण दाबता यायचं.

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नातीबरोबर सिडनीचा उन्हाळा काढायचा आणि पाडव्याच्या आत परत जायचं, असं ठरलेलं. तेवढ्यात जगाची दारं लागली. परतीचं तिकीट एकदा रद्द झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा आम्ही काढलंच नाही. पेंडल हिल स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमचं दोन बेडरूमचं भाड्याचं युनिट. तळमजला, मागे अंगणाच्या नावाखाली चार पावलांची जागा, आणि तिथे घरमालकाने लावलेलं एक लिंबाचं झाड. नवरा दिवसभर बेडरूममध्ये कॉलवर. मुलगी आणि तिची आजी एका खोलीत. मी आणि मुलगी जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप लावून बसायचो. ती हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, सातवीत, आणि मी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या नोकरीत. चुका शोधणं हा माझा धंदा आहे की स्वभाव, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात शहर पुन्हा बंद झालं आणि आमच्या पश्चिमेकडच्या भागाला सगळ्यात कडक नियम लागले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. आपण कुणाच्या घरी जायचं नाही, कुणी आपल्या घरी यायचं नाही. डोक्यावर हेलिकॉप्टर घरघरायचं. रोज अकरा वाजता टीव्हीवर पत्रकार परिषद, आणि तिच्यात आमच्या भागाचं नाव वर्गातल्या वाया गेलेल्या पोराचं घ्यावं तसं घेतलं जायचं. समुद्राकाठचे लोक हातात कॉफी घेऊन वाळूत फिरताना दिसायचे आणि इथे मी कोथिंबीर आणायला निघाले तरी मागे पोलिसांची गाडी. माझं डोकं आधीपासूनच तापलेलं होतं, हे सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी जे बोलले, त्याचा सगळा दोष सासूबाईंच्या माथी जायला नको.

नेमकं याच दिवसांत त्यांना राहिलेलं बोडण आठवलं.

ज्यांच्याकडे बोडण नसतं त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न झालं, मूल झालं, की देवीचं बोडण भरायचं. एका मोठ्या परातीत पितळेची अन्नपूर्णा ठेवायची, तिची पूजा करायची, मग पुरणपोळ्या, दूध, दही, तूप, मध, साखर घालून ते सगळं हातांनी कालवायचं. हात पाच बायकांचे. चार सवाष्णी आणि एक कुमारिका. पाचही जणी एकाच परातीत एकाच वेळी हात घालतात आणि मध्येच कुमारिकेला विचारायचं, 'देवीला काय हवं?' ती म्हणेल ते घालायचं, कारण त्या वेळी ती देवी असते. पुरुषांनी हे बघायचं नाही. ते कालवलेलं बोडण झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गाईला द्यायचं.

माझी मुलगी सिडनीत जन्मली. तेव्हा चार सवाष्णी जमवण्याइतक्या ओळखी नव्हत्या आणि हौसही नव्हती, म्हणून तिच्या जन्माचं बोडण जे राहिलं ते राहिलंच. आता ती बारा वर्षांची होती. 'ती शहाणी व्हायच्या आत झालं पाहिजे,' सासूबाई म्हणाल्या, 'मग तिला कुमारिका म्हणून बसता येणार नाही.' म्हणजे तिच्याच जन्माचं बोडण आणि तीच कुमारिका. उशीर झाला की असं होतं.

पण घाई करण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला कळत होतं. एप्रिलमध्ये नाशिकला त्यांचा पुतण्या दुसऱ्या लाटेत गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याचं शेवटचं सगळं आम्ही फोनवर बघितलं, तेही मध्ये मध्ये गोठणाऱ्या चित्रात. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, कॅमेऱ्याच्या कडेला अर्धीच दिसत होती. त्या दिवसापासून सासूबाईंचा कशावर भरवसा उरला नव्हता. 'मी इथेच गेले तर हे बोडण कायमचं राहिलं म्हणून समज,' त्या म्हणायच्या. 'तुला काही येत नाही, आणि सांगणारं दुसरं कुणी नाही.' मला काही येत नाही हे खरं होतं. म्हणून तर ते जास्त झोंबायचं.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेतून इतिहासाची असाइनमेंट आली. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही शहरं ओस पडल्यावर तिथल्या लोकांच्या धर्माचं काय झालं? पुराव्यासह लिहा.

मी नगर जिल्ह्यात वाढले. शाळेत आम्हाला हडप्पा म्हणजे भाजलेल्या विटा आणि झाकलेली गटारं एवढंच शिकवलं, आणि परीक्षेत तेवढ्यावर भागायचं. आता टेबलाच्या त्या टोकाहून मुलगी मला शिकवायला लागली. नद्या सरकल्या, पाऊस कमी झाला, लोक हळूहळू शहरं सोडून लहान लहान गावांत गेले. मुद्रा बनवणं थांबलं, लिपी विसरली गेली, ती अजून कुणाला वाचता येत नाही. 'बट मम, काही गोष्टी राहिल्या,' ती म्हणाली. पिंपळाचं पान, पाण्याने शुद्ध होणं, मातीच्या छोट्या बायका. म्हणजे राहिल्या असाव्यात. तज्ज्ञ त्यावर अजून भांडतायत. आणि त्यातले काही लोक खाली प्रवरेच्या काठापर्यंत आले होते, दायमाबादला. दायमाबाद! माझ्या माहेरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. तिथल्या बाजूच्या गावात माझी आत्या दिलेली होती, दर सुट्टीत आम्ही जायचो, आणि तिथे जमिनीखाली काय आहे हे मला पेंडल हिलमध्ये माझ्या पोरीने इंग्रजीतून सांगावं! मला स्वतःचा, शाळेचा, आत्याचा, सगळ्यांचा राग आला.

'आजी, लुक,' मुलीने स्क्रीन वळवली. 'ही मातीची बाई चार हजार वर्षांपेक्षा जुनी आहे. तिच्या भांगात रेड कलर आहे. लाइक कुंकू.'

'असणारच,' सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. 'पहिल्यापासून आहे ते.'

'मग तू का नाही लावत?'

मी टायपिंग थांबवलं.

'आजोबा गेले ना,' सासूबाई म्हणाल्या. 'आता नाही लावायचं.'

'हू सेड?'

'कुणी म्हणायला कशाला पाहिजे? पहिल्यापासून तसंच आहे.'

'पण आजी, या बाईचा नवरा जिवंत होता की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मे बी शी वॉज अ विडो. व्हॉट्स युअर एव्हिडन्स?'

सासूबाईंनी मेथीची जुडी उचलली आणि सिंकपाशी गेल्या. पोरीला ओरडावं की पाठ थोपटावी हे मला ठरवता येईना, म्हणून मी तिला कॅमेरा बंद आहे का ते बघायला सांगितलं.

सासरे गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी चाळीस वर्षं आमच्या सगळ्या भाऊबंदांत बोडण म्हटलं की सासूबाई. नाशिक, पुणे, पनवेल, कुणाकडेही असो, परातीशी बसायला पहिलं बोलावणं त्यांना. माझ्या लग्नानंतरच्या बोडणात त्या माझ्या समोर बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत पुरणात, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, आणि मी बोटांच्या टोकांनी चिवडतेय हे बघून परातीतच माझा हात धरून खाली दाबला होता. 'घाबरतेस काय, अन्न आहे ते.' सासरे गेले आणि दुसऱ्या महिन्यात कुणाकडे तरी बोडण होतं. तिथे त्या आपणहून दाराबाहेर खुर्ची घेऊन बसल्या. कुणी बसवलं नाही त्यांना. पण कुणी आत या असंही म्हटलं नाही, आणि त्या कुणीत मी होते.

तर पाच हात आणायचे कुठून? घरात सवाष्ण एक, मी. कुमारिका एक. तीन कमी. दोन गल्ल्या सोडून माझी मैत्रीण राहायची, पण ती दारात डबा ठेवून फूटपाथवरून हात हलवायची, तेवढीच तिची भेट. मी सुचवलं की तीन मैत्रिणींना व्हिडिओवर घेऊ, त्या आपापल्या घरी आपापल्या भांड्यात कालवतील. ऑफिसात अशाच रीतीने अख्खं सॉफ्टवेअर तयार होत होतं.

'परात एक पाहिजे,' सासूबाई म्हणाल्या. 'हाताला हात लागला पाहिजे. नाहीतर त्याला बोडण म्हणत नाहीत, त्याला शिकरण म्हणतात.'

मग त्यांनीच तोड काढली. 'तीन सुपाऱ्या मांडू. बायको हजर नसली तर नवरा कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो की नाही? तशा तीन सवाष्णींच्या तीन सुपाऱ्या.'

इथे माझा बांध फुटला. कारण तोपर्यंत त्या एकेक गोष्ट सोडत आल्या होत्या. गाय नाही, तर लिंबाच्या झाडाखाली पुरलं तरी चालेल. केळीचं ताजं पान नाही, तर स्टेशनजवळच्या दुकानातलं फ्रीझरमधलं चालेल. चुलीचं नाही तर इंडक्शनचं पुरण चालेल. सगळं चालत होतं.

'म्हणजे आई, सुपारी सवाष्ण होऊ शकते?' मी विचारलं.

'होते.'

'आणि तुम्ही?'

'माझं काय?'

'तुम्ही इथे आहात, जिवंत, दोन हात असलेल्या. घरात बोडण येणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही. सुपारीला पुरण कालवता येतं का? मग तुम्हीच घाला ना हात!'

'मी आता त्यात नाही,' त्या म्हणाल्या, आणि इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मी आणखीच भडकले.

'मग नकोच हे बोडण. सुपारी चालते आणि सासू चालत नाही, असल्या देवीसाठी मी पुरण वाटणार नाही.'

ते ऐकून त्या खोलीत निघून गेल्या. दोन दिवस अबोला. चार माणसांच्या बंद युनिटमध्ये अबोला धरून बघा म्हणजे कळेल. फ्रिजपाशी समोरासमोर आलो की दोघी एकदमच मागे सरायचो. 'आजीला विचार, चहा घेणार का.' 'आईला सांग, आत्ताच झाला.' शेवटी मुलगी कंटाळून म्हणाली, 'आय अॅम नॉट युअर वायफाय.' नवऱ्याला मी म्हटलं, तुझी आई आहे, तू बोल. तो म्हणाला, बोडणाचं पुरुषांनी बघायचंही नसतं. एरवी आमच्या नवऱ्याला एकही रीतभात आठवत नाही. ही बरी आठवली!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तेव्हा सासूबाई सिंकपाशी उभ्या होत्या आणि लिंबू-मिठाने काहीतरी घासत होत्या. अंगठ्याएवढी पितळेची अन्नपूर्णा. ती आमच्या घरातली नव्हती. म्हणजे ती त्यांनी पुण्याहून येतानाच आणली होती, दीड वर्षापूर्वी, पर्समध्ये, विमानतळावरच्या तपासणीतून. बंद झालेलं जग, रद्द झालेली विमानं, पुतण्याचं जाणं, यातलं काही घडायच्या आधीच बाई हे मनात धरून आली होती. आणि दीड वर्ष बोलली नाही, कारण मला वेळ नव्हता. मी सतत कॉलवर होते. त्यांच्या बोटांकडे मी बघत राहिले. मूर्तीच्या पळीच्या खाचेत अडकलेला काळा कण त्या नखाने काढत होत्या, आणि त्याच मूर्तीला बोडणाच्या दिवशी त्या शिवणार नव्हत्या.

'शुक्रवारी करू,' मी म्हटलं. 'सुपाऱ्या मांडून.' माझा राग गेला नव्हता. पण राग धरून बसायला त्या घरात जागाच नव्हती.

श्रावणातला शुक्रवार. मॅनेजरला मी 'फॅमिली थिंग' म्हणून अर्धा दिवस मागितला, तो 'नो वरीज, सी या मंडे' म्हणाला. मुलीची ऑनलाइन शाळा तीनला संपली. नवऱ्याला पाण्याची बाटली देऊन बेडरूममध्ये कोंडलं. आमच्या युनिटला उंबरठा नाही. स्वयंपाकघरातली फरशी संपते आणि कार्पेट सुरू होतं, तीच रेघ. सासूबाईंनी खुर्ची बरोबर रेघेच्या पलीकडे, कार्पेटवर ठेवली. परातीभोवती हळदीकुंकू लावलेल्या तीन सुपाऱ्या तीन पानांवर मांडल्या होत्या, समोरासमोर मी आणि मुलगी. पाहुण्या वेळेवर आल्या होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या, एवढाच त्यांचा फायदा.

सासूबाई पलीकडून सांगत होत्या. आधी हळदीकुंकू. आता दूध, सगळं नको. पोळी अशी कुस्कर. अशी म्हणजे कशी ते दाखवायला त्यांचे हात हवेत फिरायचे आणि परत मांडीवर जायचे. माझं काहीतरी चुकत होतं. पुरणाच्या गुठळ्या मोडेनात. 'खालून घे, खालून,' त्या म्हणत होत्या, आणि मला ते खालून काही जमेना.

'देवीला विचार,' त्या म्हणाल्या.

'देवीला काय हवं?' मी मुलीला विचारलं.

'दूध,' ती म्हणाली. घातलं.

'देवीला काय हवं?'

'हनी. म्हणजे मध.' घातला.

'आणखी काय हवं देवीला?'

मुलगी थांबली. दोन्ही हात पुरणात, नाकावर दह्याचा थेंब. ती रेघेपलीकडे बघून म्हणाली, 'आजीचा हात.'

मी शप्पथ घेऊन सांगते, मी तिला हे शिकवलं नव्हतं. शिकवायचं सुचलं असतं तर कदाचित शिकवलंही असतं. पण सुचलं नव्हतं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. 'तू पढवलंस तिला,' त्या म्हणाल्या. 'पोरीच्या तोंडून.'

'नाही हो आई.'

'देवीच्या तोंडून असलं वदवून घेतेस? दोन दिवस माझ्याशी भांडलीस ते पुरलं नाही?'

'आजी, यू सेड मी मागेन ते द्यायचं,' मुलगी रडकुंडीला आली. 'दॅट्स द रूल. यू सेड.'

सासूबाई उठल्या. खोलीचं दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. त्याच वेळी बेडरूममधून नवरा ओरडला, 'झालं का? मला बाथरूमला जायचंय!' त्या क्षणी मला त्या युनिटमधल्या प्रत्येक माणसाला, सुपाऱ्यांसकट, पाच किलोमीटरच्या बाहेर सोडून यावंसं वाटलं. देवीने मागितलेलं दिलं नाही म्हणजे बोडण अपुरं राहिलं, एवढं मलाही कळत होतं. बारा वर्षं राहिलेलं बोडण घातलं आणि तेही पुन्हा राहिलंच. मी हात धुतले, परातीवर ते फ्रीझरचं पान झाकलं, सुपाऱ्या शेजारी ताटलीत ठेवल्या, आणि मुलीला जवळ घेऊन म्हटलं की तू काही चुकीचं बोलली नाहीस. ती म्हणाली, 'देन व्हाय इज एव्हरीवन मॅड?'

सकाळी सगळ्यांत आधी उठली ती मुलगी. हलवून मला उठवलं. 'मम, समवन टच्ड इट.'

मी जाऊन बघितलं. पान झाकलेलं होतं, पण मी झाकलं होतं तसं नाही. देठाची बाजू उलटी. आत पुरणाची एकही गुठळी नव्हती. खालून घेतलेलं, एकजीव, लोण्यासारखं. आणि शेजारच्या ताटलीत सुपाऱ्या दोन.

सासूबाई मागच्या दारात तुळशीला पाणी घालत होत्या. आंघोळ झालेली, पातळ बदललेलं. मी चहाचा कप द्यायला गेले. कप घेताना त्यांच्या उजव्या हाताच्या नखांच्या कडा पिवळ्या दिसल्या, आणि अंगठीच्या खाली, जिथे पाणी पोचत नाही, तिथे पुरणाची बारीक रेघ वाळली होती.

'आई, तुम्ही परातीत हात घातलात?'

'मी कशाला घालीन?' त्या कपातून वर न बघता म्हणाल्या. 'मला रीत कळत नाही होय?'

'मग पान उलटं कसं?'

'मुंग्या आल्यात का बघितलं.'

'आणि तिसरी सुपारी?'

'असेल इथेच कुठेतरी. घरंगळली असेल.' मग म्हणाल्या, 'लवकर पुरा ते झाडाखाली, ऊन वर यायच्या आत.'

मी खड्डा खणला. इतका राग आला होता की लिंबाची दोन मुळंही तुटली. चार वर्षं ही बाई दाराबाहेर बसली. माझ्यासमोर, पोरीसमोर हात घालता आला असता. पोरगी मागत होती, देवी मागत होती. पण नाही. कुणी नसताना, चोरून, स्वतःच्याच देवाशी. आणि वर मलाच विचारतात, मला रीत कळत नाही होय! मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. आणि पुरणाच्या गुठळ्या मोडल्या होत्या याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, म्हणून फावडं आणखी जोरात चाललं. पुढच्या दोन दिवसांत पॉसमने, म्हणजे इथे रात्री कुंपणावरून फिरणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्याने, सगळं उकरून खाल्लं. 'खाऊ दे,' सासूबाई म्हणाल्या, 'तेही तिचंच लेकरू.' पॉसमसुद्धा चाललं, बघा.

मुलीची असाइनमेंट जमा झाली. तिने लिहिलं होतं, मराठी करून सांगते, की मोठी स्नानगृहं आणि मुद्रा शहरांबरोबर गेल्या, पण घरात करायच्या गोष्टी कदाचित घरातल्या बायकांबरोबर पुढच्या गावी गेल्या असतील. त्या लिहून ठेवल्या नव्हत्या, म्हणून कोणत्या तशाच राहिल्या आणि कोणत्या बदलल्या हे आता सांगता येत नाही. शिक्षकांनी शेवटच्या वाक्यापाशी शेरा मारला होता: पुरावा द्यायला हवा होता. मुलगी चिडली. 'आय हॅड एव्हिडन्स,' ती मला म्हणाली, 'पण आजीने हात धुतले.'

त्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकले. प्रवरेच्या काठी, आत्याच्या गावाशेजारी, शहर सोडून आलेली एखादी म्हातारी मला दिसायची. तिची घरं गेली, रस्ते गेले, ते मोठं पाण्याचं कुंड गेलं. सांगणाऱ्यांपैकी तीच उरली. हाताशी आहे त्यात ती भागवते, जे नाही त्याच्या जागी दुसरं काहीतरी मांडते, आणि सुनेने विचारलं की ठणकावून सांगते की असंच असतं. आणि सून चुका शोधत बसलेली. मला त्या सुनेची फार दया यायची.

मग एका दुपारी नाशिकहून माझ्या जावेचा फोन आला. एप्रिलमध्ये जिचा नवरा गेला ती. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्यांनी घरातल्या घरात, चार माणसांत उरकून घेतलं होतं. सासूबाईंच्या हाताला पीठ लागलं होतं म्हणून मी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. मुलगी तिच्या टोकाला होती, मी माझ्या.

'काकू, लग्नाचं बोडण घालायचंय,' जाऊ म्हणाली. 'तुमच्याशिवाय कुणाला विचारू? शेजारच्या तिघी येतात म्हणाल्यात. नवी नवरी चौथी. कुमारिका आहे एक. मी काही हात घालणार नाही, माहितेय मला. मी बाहेरच बसेन. फक्त आधी काय, नंतर काय, ते सांगा म्हणजे बाहेरून सांगता येईल.'

ती हे अगदी व्यवस्थित बोलली. पाठ केल्यासारखं. 'बाहेरच बसेन' म्हणताना तिचा आवाज जरासा घसरला, तेवढाच.

सासूबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या सावध झाल्या असत्या. मला वाटलं, आता म्हणतील, हो, बाहेर खुर्ची घे. आणि म्हणाल्या असत्या तर मी त्या दिवशी काहीतरी न फिटणारं बोलून बसले असते. जीभ तयार होती माझी.

'बाहेर कशाला बसशील?' सासूबाई म्हणाल्या. 'पोरीच्या लग्नाचं बोडण आणि आई बाहेर? आईचा हात लागल्याशिवाय ते पुरं होत नाही.'

मग जाऊ म्हणाली, 'पण काकू, मी आता… चालतं का ते?'

'न चालायला काय झालं?' कणकेचा गोळा परातीत थापटत सासूबाई ठणकावून म्हणाल्या. 'आपल्याकडे पहिल्यापासून चालतं.'

टेबलाच्या त्या टोकाला मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली आणि तोंड उघडलं. ती काय विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

पहिल्यापासून, म्हणजे त्या दिवशी मोजून सतरा दिवस झाले होते.